एका फणेरपेटींतील आरसा : कालनिर्णय व त्याची रीत

१. जुनीं दप्तरें, पोथ्या, ताम्रपट व नाणीं यांच्या शोधांत घरोघर हिंडणाऱ्या आम्हां मंडळींचें लक्ष घरांतील आरशाकडे सहसा जात नाहीं. ताम्रपटावर मिति असते, नाण्यावर ठसा असतो, पोथीच्या अखेरीस लेखक आपलें नांव व शक सांगून मोकळा होतो. आरसा मात्र पाहणाऱ्याचें मुख तेवढें त्यास दाखवितो. स्वतःविषयीं एक अक्षरही बोलत नाहीं. यामुळें घरची आख्यायिका सांगेल तेंच आरशाचें वय, असा परिपाठ पडला आहे. हा परिपाठ कसा फसवितो, आणि आरसा मुका असला तरी त्याची पाठ किती बोलकी असते, हें एका प्रत्यक्ष उदाहरणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या उदाहरणांत जी चूक झाली ती आमचीच असल्यामुळें ती दुरुस्त करणें आमच्याकडेच येतें.

वाई प्रांतांतील एका जुन्या घराण्यांत एक फणेरपेटी आहे. घराण्याच्या इच्छेवरून नांव व गांव येथें देत नाहीं. पेटी शिसवी लांकडाची, १४ इंच लांब, १० इंच रुंद व साडेपांच इंच उंच असून आंत कुंकू, मेण, काजळ, फणी इत्यादिकांसाठीं पांच घरें आहेत. झांकणाची कडी पितळेची, मासोळीच्या आकाराची आहे. झांकण उघडून मागें टेकविलें म्हणजे त्याच्या आंतल्या अंगास बसविलेला ९ इंच लांब व साडेसहा इंच रुंद असा काचेचा आरसा समोर येतो.

या घराण्याच्या दोन शाखा इंग्रजी अमलाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत विभक्त झाल्या. वाडा मात्र सामाईक राहिला. आतां तो वाडा विकावयाचा ठरून चीजवस्तूंची वांटणी चालली आहे. भांड्याकुंड्यांची वांटणी सुरळीत झाली. फणेरपेटीवर येऊन ती अडली. थोरल्या शाखेचें म्हणणें असें कीं, पेटी सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत घरांत आलेल्या सुनेबरोबर आली. ती सून दोन्ही शाखांची मूळ आजी. सबब पेटी व आरसा सामाईक. धाकट्या शाखेचें म्हणणें असें कीं, आरसा त्यांच्या खापरपणजीनें माहेराहून आणिला, तो तिचें स्त्रीधन होय. त्यांत थोरल्या शाखेचा अंश नाहीं. एका दुकानदारानें मध्यें पडून, जुनी डागाळलेली काच काढून नवी स्वच्छ काच बसवून देतों म्हणजे पेटीस चांगलें मोल येईल, असेंही सुचविलें होतें. तसें झालें असतें तर हा लेख लिहितां आला नसता.

थोरल्या शाखेनें आपल्या बाजूचा पुरावा म्हणून एक पिंवळें पडलेलें कात्रण आमच्यापुढें ठेविलें. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं शाळेच्या एका समारंभांत आम्हीं जुन्या वस्तूंवर व्याख्यान दिलें होतें, त्याचा तो वृत्तांत. त्यांत आम्हीं या आरशास निःशंकपणें पेशवेकालीन म्हटलेलें आहे. कात्रण वाचून आम्हांस आठवलें तें हें कीं, त्या दिवशीं आम्हीं पेटीचें लांकूड, घरें व मासोळीची कडी पाहिली होती. आरसा पाहिलाच नव्हता. त्यांत केवळ आपलें मुख पाहून पेटी खालीं ठेविली होती. घरांतील वृद्ध गृहिणी एवढेंच म्हणाल्या, "गुरुजी, कोणाचा तें आमचें आम्ही पाहूं, केव्हांचा एवढें सांगा."

२. प्रथम शब्दाचा विचार करूं. कारण कागदांत 'आरसा' हा शब्द आढळला कीं काच सिद्ध झाली असें मानणारे विद्वान् आहेत. संस्कृतांत आरशास दर्पण, आदर्श, मुकुर हे शब्द असून अमरकोशांत ते एकत्र दिलेले आहेत. यांपैकीं 'आदर्श' या शब्दापासून प्राकृतांतून आपला 'आरसा' आला. 'ऐना' हा फारसींतून आला. म्हणजे 'आरसा' हा शब्द काचेच्या आरशाहून कितीतरी जुना आहे. हडप्पा येथील उत्खननांत धातूचे आरसे मिळाले आहेत. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यांत शृंगार करणारी राजकन्या हातांत आरसा धरून आहे. केरळांत आरन्मुळा येथें कांशाचा घांसून चकचकीत केलेला आरसा करण्याची कला अद्यापि जिवंत आहे. ज्ञानेश्वरीच्या काळींही मराठींत आरसा हा शब्द रूढ होता. तेव्हां जुन्या यादींत 'आरसा' लिहिलेला आढळला तर त्यावरून आरसा होता एवढेंच सिद्ध होतें. तो काचेचा होता कीं धातूचा, आणि आज हातीं असलेला तोच कीं दुसरा, हें सिद्ध होत नाहीं.

याउलट बोलींतील एक वाक्प्रचार मात्र उपयोगी आहे. आरसा जुना होऊन डागाळला म्हणजे आपण 'पारा उडाला' असें म्हणतों. आजच्या आरशांत पारा नसतो. तरी पूर्वीं तो होता याची आठवण भाषेनें जपून ठेविली आहे. हाच पारा कालनिर्णयाचें पहिलें साधन होय.

३. काचेच्या पाठीवर कथील व पारा यांचा लेप देऊन मोठे आरसे करण्याचें काम युरोपांत प्रथम व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनीं नांवारूपास आणिलें. इ. स. १५०७ त दाल गालो बंधूंनीं तेथील सरकाराकडे या कामाचा खास हक्क मागितला होता. पुढें सतराव्या शतकांत फ्रान्सनें ही विद्या हस्तगत केली. व्हर्साय येथील प्रसिद्ध आरसेमहाल इ. स. १६८४ त पुरा झाला, व त्या शतकाच्या अखेरीस काच फुंकून न करितां मेजावर ओतून मोठ्या पत्र्याच्या रूपानें करण्याची रीत तेथेंच निघाली. इंग्लंडांत रेव्हनहेड येथें असा ओतीव काचेचा कारखाना इ. स. १७७३ नंतरच्या वर्षांत उभा राहिला. आपल्याकडे मोठ्या लोकांच्या वाड्यांत परदेशी आरसे पेशवाईंत येऊन पोंचले होते. पुण्याच्या शनिवारवाड्यांत आरसेमहाल होता, हें वाचकांस विदित आहेच. तो वाडा इ. स. १८२८ च्या आगींत जळाला. तेव्हां पेशवाईंत काचेचा आरसा अशक्य, असें म्हणतां येत नाहीं. परंतु जें शक्य तें झालेंच, असेंही म्हणतां येत नाहीं.

पाऱ्याचा लेप देण्याची कृति अशी : गुळगुळीत सपाट दगडी मेजावर कथलाचा पातळ वर्ख पसरावयाचा, त्यावर पारा ओतावयाचा, पाऱ्याच्या पृष्ठावरून स्वच्छ काच सरकवीत आणून वर वजनें ठेवावयाचीं, आणि जास्तीचा पारा निथळून जावा म्हणून मेज हळूहळू कलतें करून पुष्कळ दिवस तसेंच ठेवावयाचें. या धंद्यांत कारागिरांस पाऱ्याची बाधा होत असे. पुढें इ. स. १८३५ त जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें रुप्याच्या क्षारापासून काचेवर रुप्याचा पातळ थर बसतो हें दाखविलें. इंग्लंडांत ड्रेटन यानें अशा कृतीचें पेटंट इ. स. १८४३ त घेतलें, आणि लीबिगनें आपली सुधारलेली कृति इ. स. १८५६ च्या सुमारास पुढें आणिली.

येथें एक सामान्य चूक होते. रुप्याची कृति निघाली म्हणून पाऱ्याचा आरसा त्या दिवसापासून बंद पडला, असें समजून पाऱ्याचा आरसा दिसतांच कित्येक जण त्यास १८३५ पूर्वींचा ठरवितात. वस्तुतः जर्मनींत फ्यूर्थ वगैरे ठिकाणीं पाऱ्याचे आरसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होत होते. म्हणून रुप्याचा आरसा १८४० पूर्वींचा नव्हे, हें विधान निर्विवाद. पण पाऱ्याचा आरसा १८४० पूर्वींचाच, हें विधान सदोष. पहिल्यावरून दुसरें निघत नाहीं.

४. आतां प्रत्यक्ष परीक्षा. पाऱ्याचा व रुप्याचा आरसा ओळखावयाचा तो त्याच्या क्षयावरून. रुप्याचा आरसा बिघडतो तेव्हां कडांकडून काळे, तपकिरी किंवा पिंवळसर डाग आंत सरकत येतात, आणि पाठीवर रुपें राखण्यासाठीं दिलेला रंगाचा लेप बहुधा असतो. पाऱ्याच्या आरशाची पाठ रंगाच्या लेपाविना, करड्या रुपेरी वर्णाची व मऊ असते. तो बिघडतो तेव्हां त्यांत करडे ठिपके व वर्तुळें पडतात, तिरप्या उजेडांत बारीक कण चकाकतात, आणि खालच्या कडेस कधीं कधीं पाऱ्याचे सूक्ष्म थेंब जमतात. प्रतिबिंबाच्या वर्णांतही भेद आहे : पाऱ्याच्या आरशांतील मुख किंचित् निळसर व सांवळें, रुप्याच्या आरशांतील अधिक उजळ दिसतें. आजकाल हातांत मावेल अशा क्ष-किरणयंत्रानें काचेस न खरवडतां कथील, पारा व रुपें यांचा निर्णय होतो. परंतु तें हाताशीं नसलें तरी वरील लक्षणें सावधपणें पाहणाऱ्यास सहसा फसवीत नाहींत.

प्रस्तुत आरसा या सर्व लक्षणांवरून पाऱ्याचा ठरला. म्हणजे फार तर एवढें सिद्ध झालें कीं, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अलीकडचा नसावा. या टप्प्यावर दोन्ही शाखांचे दावे जिवंतच राहिले.

काचेची जाडी चौकटींतून न काढतां अजमावण्याची सोपी रीत अशी कीं, लांकडी लेखणीचें टोंक काचेस हलकेंच टेकवून समोरून पाहावें. टोंक व त्याचें प्रतिबिंब यांमध्यें जें अंतर दिसतें तें काचेच्या जाडीवर अवलंबून असतें. काचेंतून जातांना किरण वांकत असल्यामुळें तें अंतर दुप्पट जाडीपेक्षां कांहीं कमी, सुमारें सव्वापट, भासतें. जाडी ठिकठिकाणीं निराळी आली, कांच किंचित् हिरवट दिसली, दिव्याचें प्रतिबिंब सरकवितांना लाटेसारखें हललें, म्हणजे ती हातानें केलेली काच असण्याचा संभव वाढतो. आमच्या आरशांत हीं तीनही लक्षणें मंद प्रमाणांत होतीं. हीं लक्षणें पूरक होत. त्यांवर वर्षाचा आंकडा उभारूं नये.

५. यानंतर आम्हीं झांकणाच्या पाठीकडे वळलों. पाठीची फळी खिळ्यांनीं न जडवितां खांचेंतून सरकविलेली होती, त्यामुळें एकही खिळा न उपटतां ती बाहेर आली. आंत काच बसविण्यासाठीं कोरलेल्या खांचेंत दोन पायऱ्या स्पष्ट दिसल्या. आंतली पायरी जुनी, तिच्या कडा वापरानें व लाखेनें काळवंडलेल्या. तींत लाखेचे कण अजून चिकटलेले. बाहेरची पायरी पटाशीनें मागाहून कोरलेली. तिच्या पटाशीच्या खुणा तीक्ष्ण, आणि लांकडाचा वर्ण फिकट. अर्थ उघड आहे : झांकणांत पूर्वीं लहान आरसा लाखेनें बसविलेला होता, पुढें मोठी काच बसविण्यासाठीं खांच रुंद करण्यांत आली. पेटी एका काळची, आरसा दुसऱ्या काळचा.

खिळ्यांनींही हेंच सांगितलें. पेटीचे सांधे लांकडी मेखांनीं व पितळी चुकांनीं जोडलेले आहेत. काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या मात्र लोखंडी चुकांनीं जडविल्या आहेत. लोहारानें ठोकलेला खिळा चारही अंगांनीं निमुळता व ओबडधोबड असतो. यंत्रानें पत्र्यांतून कापलेला खिळा दोन अंगांनीं निमुळता व दोन अंगांनीं सरळ असून एकासारखा दुसरा असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भागांत सर्वत्र पसरला. येथील चुका मधल्या, म्हणजे यंत्रानें कापलेल्या, जातीच्या आहेत. पट्ट्यांस चुकांचीं भोंकें एकेकच. म्हणजे त्या एकदांच जडविल्या गेल्या व नंतर कोणीं काढिल्या नाहींत.

६. आतां या शोधांतील मुख्य साक्षीदाराकडे येऊं. काच हलूं नये म्हणून सुतार तिच्या पाठीस रद्दी कागद घालतो. येथेंही तसे दोन थर निघाले. फळी सरकवितांच दिसणाऱ्या बाहेरच्या थरांत एक मोडी हिशेबाचा बंद होता. त्यावर सन 'इसन्ने मयातैन व अलफ' असें स्पष्ट वाचतां आलें. शुहूर सनाचे शब्द वाचकांस परिचित आहेत. तथापि नव्या संग्राहकांसाठीं सांगतों. इसन्ने म्हणजे २, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००, मिळून १२०२. शुहूर सनाचें वर्ष मृगाच्या सुमारास बदलतें. म्हणून तेथपासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पानिपतची लढाई ज्या इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, या सनांत झाली, त्यांत ६०० मिळविले म्हणजे १७६१ चा जानेवारी येतो, यावरून ही रीत पडताळून पाहावी. त्या हिशेबानें आमचा बंद इ. स. १८०१-०२ चा, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींतला.

हा बंद पाहून थोरल्या शाखेच्या मंडळींस आनंद झाला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही झाला. पस्तीस वर्षांपूर्वींचें आपलें वाक्य वांचतें असें क्षणभर वाटलें. परंतु रद्दी ही रद्दी होण्यापूर्वीं किती वर्षें दप्तरांत पडून होती, हें रद्दी सांगत नाहीं. त्या मोडी बंदाखालीं, थेट काचेच्या पाठीस लागून, पंचांगाचें एक पान होतें. वर्षाचा शक असलेली वरची पट्टी कापली गेली होती. परंतु संवत्सराचें नांव 'सिद्धार्थी' शाबूत होतें, व एका महिन्याच्या तिथि व वार वाचतां येत होते.

नर्मदेच्या दक्षिणेस संवत्सर शकावरून काढण्याची रीत सोपी आहे : शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें, बाकी येईल तो प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक. सिद्धार्थी हा ५३ वा. हा क्रमांक शके १७२१, १७८१, १८४१ व १९०१ या वर्षीं येतो. यांपैकीं शके १७२१ म्हणजे इ. स. १७९९-१८००. पानावरील अक्षर वळणदार, बोरूच्या हातचें दिसत असल्यामुळें तें हस्तलिखितच आहे असें एका तरुण संग्राहक मित्रानें ठरविलें व १७२१ हा शक सुचविला. मोडी बंदाचें वर्षही त्याच्याच जवळचें! दोन साक्षी एकमेकींस दुजोरा देत आहेत असा भास झाला.

येथें भिंग उपयोगी पडलें. बोरूनें लिहितांना लेखक शाई पुनःपुन्हा घेतो. म्हणून शाई घेतल्यानंतरचें अक्षर गडद व पुढें फिकट होत गेलेलें दिसतें, आणि शाई कागदाच्या तंतूंत शिरलेली असते. शिळाछापावर अक्षर मूळ हातचेंच असतें; पण तें दगडावरून उतरलेलें असल्यामुळें शाई स्निग्ध व सर्वत्र सारख्या घनतेची असते. आमच्या पानावर चढउतार कोठेंच नव्हता. पान शिळाछापाचें होतें. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं शिळाछापखाना इ. स. १८३१ त सुरू केला व पहिलें छापील मराठी पंचांग काढिलें. तेव्हां छापील पंचांगाचें पान शके १७२१ चें असणें शक्य नाहीं. उरले १७८१, १८४१ व १९०१. शिल्लक तिथि व वार आम्हीं एकामागून एक ताडून पाहिले. शके १७८१ साठीं मोडकांची जंत्री घेतली. तिच्याशीं ते ओळीनें जुळले. शके १८४१ व १९०१ च्या पंचांगांशीं ते जुळत नाहींत. म्हणजे पान शके १७८१ चें, इ. स. १८५९-६० चें, ठरलें.

हें पान मागाहून कोणीं आंत सारलें असेल, ही शंका उरते. तिचेंही निरसन झालें. एका पट्टीची चूक पानाच्या कोपऱ्यांतून आरपार गेलेली आहे, आणि पाऱ्याच्या लेपावर जेथें करडे डाग आहेत तेथेंच त्यांचें प्रतिरूप पानावर उमटलेलें आहे. काच, पान व पट्टी हीं एकाच वेळीं एकत्र आलीं. चालू वर्षाचें पंचांग कोणी फाडीत नाहीं. तें पुढच्या पाडव्यास निरुपयोगी होतें. म्हणून हा आरसा झांकणांत बसविला गेला तो इ. स. १८६० च्या पाडव्यापूर्वीं नव्हे. आणि पाऱ्याचा लेप व कापीव चुका पाहतां त्यानंतर फार उशिराही नव्हे.

७. मग पेशवाईची आख्यायिका सर्वथा खोटी काय? तसेंही नाहीं. घराण्याच्या एका रुमालांत लग्नाच्या देण्याघेण्याची एक याद आम्हांस मिळाली. तिच्यावर सन 'तिसैन मया व अलफ' आहे, म्हणजे शुहूर ११९०, इ. स. १७८९-९०. हा शब्द वाचतांना सावध असावें : तिसा म्हणजे ९ आणि तिसैन म्हणजे ९०, सबा व सबैन, सीत व सितैन यांतही असाच घोटाळा होतो, आणि शेवटचा नकार मोडींत निसटता लिहिलेला असला म्हणजे चोपन्न ते एक्याऐंशी वर्षांचा फरक पडतो. या यादींत इतर वस्तूंबरोबर आरशासह एका फणेरपेटीची नोंद असून तिची पांच घरें व मासोळीची कडी यांचा निर्देश आहे. हीं दोन्ही चिन्हें हातच्या पेटीवर जशींच्या तशीं आहेत. तेव्हां पेटी सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत घरांत आली, हें आख्यायिकेचें अंग खरें ठरतें. यादींतला आरसा मात्र आंतल्या लहान पायरींत बसलेला तो, आजचा नव्हे.

येणेंप्रमाणें निर्णय असा. पेटी इ. स. १७८९-९० त किंवा तत्पूर्वीं झालेली, शाखा विभक्त होण्याच्या पूर्वींची, म्हणून दोन्ही शाखांच्या मूळ आजीची. आरसा इ. स. १८६० च्या पाडव्यानंतर बसविलेला, शाखा विभक्त झाल्यानंतरचा, आणि धाकट्या शाखेच्या खापरपणजीच्या हयातींतला. थोरली शाखा आरशाविषयीं चुकली, पण पेटीविषयीं बरोबर होती; धाकटी शाखा आरशाविषयीं बरोबर होती, पण पेटीवर तिनें सांगितलेला हक्क टिकत नाहीं. आणि उभय पक्षांच्या भांडणास आमच्या एका बेफिकीर वाक्यानें पस्तीस वर्षें खतपाणी घातलें. तें वाक्य आम्ही येथें परत घेतों. कात्रणाच्या पाठीवर आम्हीं तसें लिहून सहीही करून दिली आहे.

निर्णय ऐकून दोन्ही बाजूंचीं माणसें कांहीं वेळ उगीच राहिलीं. पेटीवांचून आरसा व आरशावांचून पेटी ठेवण्यांत अर्थ नाहीं, हें सर्वांस उमगलें. तूर्त पेटी त्या वृद्ध गृहिणींच्या स्वाधीन, त्यांच्या हयातींत तशीच ठेवावी, आणि पुढें ती मोडून वांटूं नये, असें उभयतांनीं लिहून ठेविलें. काच बदलण्याचा विचार अर्थातच सोडून दिला.

८. या प्रकरणांतून जे नियम निघाले ते संग्राहकांच्या उपयोगासाठीं सांगून हा लेख पुरा करितों.

पहिला : आरशास एक वय नसतें. काच, लेप, चौकट, खिळे, पाठीचा कागद व घरची आख्यायिका या सहांचीं वयें निरनिराळीं काढावीं, आणि मगच त्यांचा मेळ घालावा. चौकटीचें वय काचेस चिकटविणें ही चूक आम्हीं केली. ती फार सुलभ आहे.

दुसरा : पाठीच्या कागदांत जो सर्वांत अलीकडचा, तोच काच बसविण्याची पूर्वमर्यादा ठरवितो. जुना कागद कितीही मोलाचा असला तरी या कामीं तो निरुपयोगी.

तिसरा : पाऱ्याची पाठ कधींही खरवडूं, घांसूं वा तापवूं नये. पारा व त्याची वाफ विषारी आहे. हातमोजे घालावे, खोली मोकळ्या हवेची असावी, थेंब निथळलेले दिसल्यास ते उघड्या हातानें टिपूं नयेत, आणि आरसा ज्या बाजूनें उभा होता त्याच बाजूनें ठेवावा. नव्यानें कलई करवून घेणें म्हणजे अस्सल लेख खोडून त्यावर नक्कल लिहिण्यासारखें आहे.

चौथा व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा नियम हस्तलिखितांच्या संग्राहकांसाठीं आहे. जुन्या आरशांच्या व तसबिरींच्या पाठीमागें मोडी कागद सांपडतात हें आतां बाजारांत सर्वांस ठाऊक झालें आहे. ते काढून विकणारेही आहेत. अशा कागदाची किंमत मिळते, पण त्याची साक्ष नष्ट होते. आमच्या उदाहरणांत कोणीं नुसता वरचा मोडी बंद उचलून नेला असता व खालचें फाटकें पंचांग टाकून दिलें असतें, तर उद्यांच्या अभ्यासकास १८०१-०२ चा बंद एका आरशामागें निघाला एवढेंच कळलें असतें, आणि आरसा पुन्हां एकदां पेशवेकालीन ठरला असता. म्हणून कागद जागेवर असतांनाच त्याचें छायाचित्र घ्यावें. कोणता थर आंत, कोणता बाहेर, कोणता खिळा कोठून गेला, हें लिहून ठेवावें. वाचून नक्कल करावी. आणि शक्य तर कागद तेथेंच राहूं द्यावा. या पेटींतील दोन्ही कागद आम्हीं वाचून, नकलून, पुन्हां जेथल्या तेथें ठेवून फळी सरकविली आहे.

हातच्या कांकणास आरसा नको, अशी म्हण आहे. हातच्या आरशास मात्र दुसऱ्या साक्षी लागतात, आणि त्या बहुधा त्याच्याच पाठीमागें असतात. ज्या वाचकांच्या घरीं अशा फणेरपेट्या आहेत त्यांनीं एकदां फळी सरकवून पाहावें, व जें आढळेल तें मूळ जागेवरच ठेवून आम्हांस कळवावें. या विवेचनांत कांहीं न्यून राहिलें असल्यास तज्ज्ञांनीं निःसंकोच दाखवावें. आमचें एक वाक्य दुरुस्त व्हावयास पस्तीस वर्षें लागलीं, दुसऱ्यास इतकीं लागूं नयेत. इत्यलम्.